रावजी खांब, महिपत तुळई

पालीच्या नाक्यावर ज्याला सगळे ‘कौलाचं हॉटेल’ म्हणत, त्याच्यावर कसलीच पाटी नव्हती आणि कधी लागलीही नाही. आजूबाजूला स्लॅब चढले, पत्रे चढले, मोबाइलची दुकानं आली, एकाने तर दोन मजले नुसत्या काचेचे केले. मधोमध तुळसाचं बुटकं कौलारू हॉटेल होतं तसंच राहिलं. चहा, भजी, उसळ-पाव, सकाळी घावणे. बसायला बाकं आणि टेकायला सहा खांब. ज्याला खांब मिळाला तो तासभर उठत नाही, हे पालीत सगळ्यांना ठाऊक. म्हणून लोक एस.टी. यायच्या आधी अर्धा तास येत, आणि कित्येकदा एस.टी. गेल्यावरच उठत.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि हॉटेल नेमकं त्या रुंदीत आलं. तुळसाचं नशीब एवढं बरं, की मागची जागाही तिचीच होती. हॉटेल जायचं नव्हतं, चाळीस फूट मागे सरकायचं होतं.

तिचा मुलगा निलेश जयगडच्या बंदरात क्रेन चालवतो. दिवसभर लोखंड उचलणाऱ्या माणसाला लोखंडच सुचणार.

‘‘आये, लोखंडी ट्रस मारू, वर निळा पत्रा. चार दिवसात उभा,’’ तो म्हणाला.

‘‘निळ्या पत्र्याखाली मानूस बसला तर त्याचाच भजा व्हईल,’’ तुळसा म्हणाली. ‘‘हाय तोच सांगाडा मागं न्यायचा. भागोजी मेस्त्रींना निरोप धाड.’’

भागोजी मेस्त्री आले. वय बहात्तर, अंगाने काटक, कानाच्या मागे पेन्सिल. हॉटेलाचा सांगाडा चौतीस वर्षांपूर्वी त्यांनीच उभा केला होता. सगळं ऐन-सागाचं काम, एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत, वरून लाकडाचीच खुंटी. लोखंडी खिळा फक्त रिपांना. मेस्त्रींनी वर बघितलं, चहाचा घोट घेतला आणि दहा माणसांसमोर बोलून बसले, ‘‘एकेक लाकूड उतरवीन नि एकेक लाकूड परत चढवीन. नवी रीपसुद्धा लागायची नाय. डोळे बांधा माजे हवं तर!’’

चहा पिताना माणसाने असली काही प्रतिज्ञा करू नये. चहा संपतो, प्रतिज्ञा राहते.

आता खरी गोष्ट. मेस्त्रींचे हात ठणठणीत होते, नजर बरी होती, पण गेल्या वर्षभरात त्यांचे शब्द पळायला लागले होते. बाकीचे नाहीत, नेमके धंद्यातले. ‘तुळई’ हा शब्द त्यांनी जन्मात लाखभर वेळा उच्चारला असेल. एके दिवशी नाणीजच्या एका कामावर त्यांनी तोंड उघडलं आणि तुळई आलीच नाही. लाकूड समोर होतं, त्याची जाडी डोळ्यांत होती, त्याचं वजन खांद्याला माहीत होतं, नुसतं नाव तेवढं कुठेतरी उठून गेलं होतं. ‘‘अरे ता... आडवा... ता दे ना!’’ म्हणून ते गड्यावर ओरडले. गडी म्हणाला, मेस्त्री आज तापलेत. मेस्त्रींनाही ते बरं वाटलं. तापट म्हटलेलं त्यांना चालत होतं.

कुणाला सांगायची त्यांची छाती नव्हती, आणि त्याला कारण होतं दादू गवंडी. दादू त्यांच्याच वयाचा. एकदा कामावर जाताना तो ओळंबा घरी विसरला, बस, एवढंच. मुलांनी लगेच त्याला प्रेमाने सांगितलं, ‘‘बाबा, आता घरी बसा.’’ तेव्हापासून दादू घरी बसलेला आहे. टीव्हीवरच्या सासवा-सुनांची भांडणं बघतो आणि भिंत दिसली की तिच्याकडे एक डोळा मिटून बघतो. मेस्त्रींना वाघाची भीती नव्हती, पडायची नव्हती, मरणाचीही फारशी नव्हती. ‘घरी बसा’ या दोन शब्दांची मात्र होती, आणि नेमके हे दोन शब्द ते कधी विसरत नव्हते.

म्हणून सांगाडा उतरवताना त्यांनी शक्कल लढवली. सकाळी डोकं ताजं असताना शब्द येत. तेव्हा गेरूचं डबडं घेऊन ते प्रत्येक लाकडावर ठसठशीत अक्षरात लिहून टाकत: ‘खांब, दाराकडला, डावा.’ ‘तुळई, मधली.’ ‘मेढ, चुलीवरची.’ पंधरा दिवसांत सगळी लाकडं लिहून झाली आणि मागच्या फणसाखाली रचली गेली. आता चढवताना बघायचं, वाचायचं आणि हुकूम सोडायचा. मेस्त्री इतके निर्धास्त झाले, की जांभ्याचं नवं जोतं बांधून होईपर्यंत तीन दिवस देवरुखला मेव्हण्याकडच्या लग्नाला गेले आणि तिथे जिलेबी दोनदा मागून घेतली.

शुक्रवारी दुपारी ते परत आले. एस.टी.तून उतरले आणि नाकाला काहीतरी लागलं. पालीला समुद्र नाही, मिरकरवाड्याचं मासळीबंदर इथून तासाभराच्या आत असलं तरी त्याचा वास काही इथवर येत नाही. आज आला होता. वासामागोमाग मेस्त्री नव्या जोत्याच्या मागे गेले, तर फणसाखालच्या लाकडांच्या ढिगावर मांजरं बसलेली. मेस्त्रींनी मोजली, अकरा. एक बोका एका खांबाला इतक्या मायेने चाटत होता, की बघवेना.

आणि ढिगापाशी हातात ब्रश घेऊन, कोपरापर्यंत माशाच्या तेलाने माखलेला अयूब उभा.

अयूब मिरकरवाड्याचा, होड्या बांधणारा. मेस्त्री जसे घरांचे, तसा तो होड्यांचा. आंब्याच्या दिवसांत फळ्या बघायला पालीला यायचा, तेव्हापासूनची, तीस वर्षांची दोस्ती. दोघांचं एकमत कधीच कशावर झालं नाही. अयूब म्हणायचा, घर बांधणं म्हणजे काय काम आहे, ते जागचं हलत नाही. मेस्त्री म्हणायचे, होडी बांधणं काय काम आहे, ती बुडाली की चूक कुणाला दिसत नाही.

‘‘आलास? बघ!’’ अयूबने ब्रश तलवारीसारखा फिरवला. ‘‘मुशीचा तेल! दोन डबे! आमच्या झैनच्या टेम्पोतून आणलाय. मयनाभर लाकूड उघड्यावर टाकून लग्नाला जातोस? वाळवीनं पोखरला असता. मी नि माजे दोन गडी, काल सकाळधरनं काचकागद मारतोय. आधी घासला, धुतला, मंग तेल. आता शंभर वर्सां बघायला नको.’’

मेस्त्रींच्या तोंडून शब्द फुटेना, आणि या वेळी त्यात विसरण्याचा काही संबंध नव्हता. ते एका खांबापाशी गेले, बोक्याला हाकललं, लाकडावर हात फिरवला. गुळगुळीत. दुसऱ्याकडे गेले. गुळगुळीत.

‘‘अयूब,’’ ते हळू म्हणाले, ‘‘ह्यावर लिवलेला होता.’’

‘‘होता ना, लाल लाल. सगळा काढला,’’ अयूब अभिमानाने म्हणाला. होडीवाल्याच्या दृष्टीने लाकडावर तेलाआधी जे काही असतं, ते शेवाळ असो, शिंपले असोत की अक्षरं, ती घाणच. तेल लाकडाच्या पोटात शिरायचं तर अंग आधी स्वच्छ पाहिजे. ‘‘कायतरी महत्त्वाचा होता काय?’’

तुळसा कमरेवर हात ठेवून नव्या जोत्यावर उभी होती. ‘‘मी म्हटला त्यांना, अक्षरां ऱ्हाऊ दे. तर म्हन्तात, बाय, तेल खाली शिरनार नाय. आणि मेस्त्रींना पाठ हाय सगळा, डोळे बांधून चढवनारेत.’’

मेस्त्री हसले. दुसरं काय करणार?

पेच असा होता. निलेशची सुट्टी आठ दिवसांची, त्यातला रविवार शेवटचा. निळ्या पत्र्यावाल्याला त्याने सोमवार दिलेला. आईशी त्याचं ठरलं होतं: रविवारी संध्याकाळपर्यंत सांगाडा उभा राहिला तर कौलं, नाहीतर सोमवारी लोखंड, आणि ही लाकडं समुद्रकिनाऱ्यावरच्या कुठल्यातरी रिसॉर्टची टेबलं करायला जाणार. मेस्त्रींना टेबलांचं तितकं वाईट वाटलं नसतं. पण सांगाडा उभा राहिला नाही तर लोक कारण विचारणार. कारण कळलं, की घरी बसा.

शनिवारी सकाळी सात वाजता सगळे जमले. अयूबचे दोन गडी, पालीचे दोन, निलेश, आणि बघायला गिऱ्हाइकं. हॉटेल बंद असून महिना झाला होता, पण गिऱ्हाइकांचा नेम काही चुकला नव्हता. तुळसाने फणसाखाली चूल मांडली होती आणि जोत्याच्या कडेला बाकं टाकली होती. एस.टी.तले निवृत्त कंडक्टर रावजी आले होते, सुपारीचे व्यापारी महिपतशेट आले होते, शाळेतल्या योगिनीबाई शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर येणार होत्या.

मेस्त्री जोत्यावर उभे राहिले. सहा खांब समोर आडवे पडलेले, मुशीच्या तेलाने चकाकत होते, आणि सगळे सख्ख्या भावांसारखे एकसारखे दिसत होते.

‘‘कुटला घेऊ?’’ निलेशने विचारलं.

‘‘हा,’’ मेस्त्री म्हणाले.

हा उभा केला. मग ‘तो’ उभा केला. वर तुळई चढवायला गेले तर कुसू खाचेत शिरेना, बोटभर बाहेर. उतरवला, दुसरा लावला. आता कुसू शिरलं, पण इतकं सैल, की तुळई म्हाताऱ्याच्या दातासारखी हलायला लागली. जुन्या कामात प्रत्येक जोड त्या त्या लाकडापुरता तासलेला असतो. एकाचा जोडीदार दुसऱ्याला चालत नाही. अकरा वाजले, घामाने सगळे भिजले आणि जोत्यावर एकही खांब उभा नव्हता.

निलेश वाईट मुलगा नव्हता. तो जवळ आला आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, ‘‘मेस्त्रीकाका, नसला जमत तर ऱ्हाऊ दे. वय झाला की व्हायचाच. कोन काय बोलनार नाय तुमाला.’’

असं कुणी मऊ आवाजात बोललं, की समजावं, पुढची पायरी टीव्ही. मेस्त्री ‘पानी पिऊन येतो’ म्हणून ढिगाच्या मागे गेले आणि तिथे एका वाशावर बसून राहिले. त्यांच्या मांडीवर एक मांजर येऊन बसलं.

थोड्या वेळाने अयूब आला. तोही बसला. त्याचा चेहरा पडलेला होता. ‘‘माज्यामुळं झाला. तुजी मेहनत मी काचकागदानं घासून टाकली. शिव्या दे, मोकळा हो.’’

‘‘तुज्यामुळं नाय रे.’’ मेस्त्रींनी मांजराच्या पाठीवर हात फिरवला आणि अचानक, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते होडीवाल्याला सांगून टाकलं. ‘‘मला नावां येत नायत, अयूब. लाकूड बघतो, नि नाव येत नाय. वरीस झाला. म्हनून लिवून ठेवलेला. आठवन म्हनून नाय रे, आधार म्हनून.’’

अयूबने त्यांच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, ‘‘सगळीच विसरलास? माजा नाव काय?’’

‘‘अयूब. गाढव.’’

‘‘मंग हाय की शाबूत!’’ अयूबने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. ‘‘बायकोचा?’’

‘‘ती विसरू देल काय?’’

‘‘मानसां आठवतात ना? मंग लाकडाला नाव कशाला पायजे तुला? मला सांग, ह्यो खांब.’’ त्याने बाजूला टेकवलेल्या खांबाकडे बोट केलं. ‘‘ह्यो बघून काय आठवताय?’’

मेस्त्रींनी खांबावर हात फिरवला. वरून खाली, माणसाच्या पाठीच्या उंचीपर्यंत आला आणि हात थांबला. तिथे लाकूड थोडं आत गेलं होतं. काचकागदाने अक्षरं गेली होती, पण तीस वर्षांची झीज गेली नव्हती. एक रुंद, उथळ खड्डा, डावीकडे जरा जास्त.

‘‘ह्यो तर रावजी!’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘डाव्या खांद्यानं टेकतो. उजव्या खांद्यावर तीस वर्सां तिकिटांची पिशवी होती ना, तो खांदा दुकतो त्याचा. नि बसायचा कुटं? दाराकडं डाव्या हाताला. तिथनं एस.टी. वळताना दिसते म्हनून!’’

ते उठले. मांजर खाली पडलं. दुसरा खांब. त्यावर छातीच्या उंचीवर खिळ्याचं भोक, भोकाभोवती गोल घासलेलं. योगिनीबाईंची छत्री. पावसाळा असो नसो, छत्री त्या खिळ्यालाच. तिसऱ्याच्या बुंध्याला पाय घासून घासून चमक आलेली. तिथे तुळसाची आमटी ढवळायची जागा, चुलीकडचा. आडव्या लाकडांपैकी एकाच्या खालच्या अंगाला काळ्या रेघाच रेघा, लाकडात जळून गेलेल्या. तिथे उभं राहून, हात वर करून, महिपतशेट बिडीसाठी काडी ओढायचा. तुळसा रोज ओरडायची, तो रोज ओढायचा. त्यासाठी तो मधोमध उभा राही, म्हणजे मधली. दुसऱ्या आडव्या लाकडाला केळ्यांच्या घडाची कडी होती. ती पुढची, रस्त्यावरून केळी दिसायला पाहिजेत म्हणून.

मेस्त्री धावतच जोत्यावर आले. बहात्तर वर्षांचा माणूस धावतो तेव्हा बघणारे सगळे उभे राहतात, पडला तर धरायला. ते पडले नाहीत. मध्ये उभे राहिले आणि घसा साफ करून ओरडले, ‘‘रावजी आणा!’’

बाकावरचे रावजी कंडक्टर दचकून उठले. ‘‘मी? मी काय केला?’’

‘‘तुमी बसा! तुमचा खांब आणा म्हन्तोय. तो दाराकडं, डाव्या हाताला!’’

मग जे हसू उठलं ते नाक्यापर्यंत ऐकू गेलं. गड्यांनी खांब आणला, उभा केला. ‘‘आता बाईंची छत्री! उजव्या हाताला!’’ छत्री आली. ‘‘आता महिपतशेट आडवा करा!’’

‘‘मला आडवा करनारा अजून जन्मायचाय,’’ महिपतशेट बसल्या जागेवरून म्हणाले. पण काळ्या रेघांची ती तुळई चौघांनी उचलली, खांद्यावरून वर गेली, मेस्त्रींनी कुसवावर हातोड्याने एक ठोका दिला आणि लाकूड लाकडात असं बसलं, की मध्ये केस जाणार नाही.

त्या दिवशी आणि रविवारी सकाळी पालीच्या नाक्यावर जे काम चाललं तसं कुणी पाहिलं नसेल. मेस्त्री गिऱ्हाइकांच्या नावाने ओरडत होते आणि लाकडं चढत होती. ज्याचं नाव घेतलं जाई तो आपोआप पुढे येऊन आपल्या लाकडाला हात लावी. योगिनीबाई शाळेतून आल्या आणि आपल्या नावाचा खांब उभा आहे म्हटल्यावर पदर खोचून दोर धरायला उभ्या राहिल्या. एका छोट्या मेढीवर, म्हणजे तुळईवर उभ्या राहणाऱ्या आखूड खांबावर, कुणाचीच खूण सापडेना. तेव्हा तुळसा म्हणाली, ‘‘ती आमच्या ह्यांची. वर रेडिओ ठेवायचे तिच्यापाशी. बघा, खाली वायर बांधल्याचा वळ असंल.’’ वळ होता. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तुळसाने ती मेढ वर जाईपर्यंत हात सोडला नाही आणि मग चुलीकडे जाऊन बराच वेळ धुराच्या निमित्ताने डोळे पुसत बसली. धूर काही फारसा नव्हता.

अयूबची शिक्षा म्हणजे मांजरं हाकलणं आणि त्याच्या जोडीला प्रत्येक जोडाला खुंटी ठोकणं. ती त्याने मनापासून भोगली. मधूनमधून आपलं मतही देत होता, की हे सगळं छप्पर म्हणजे पालथी होडी आहे, आणि पालथी होडी बांधणारा मेस्त्री काय मेस्त्री.

रविवारी दुपारी तीनला खांब, तुळया, मेढी सगळं उभं होतं. राहिलं होतं एकच लाकूड, सगळ्यांत वरचं, सगळ्यांत लांब. त्याच्यावर दोन्ही बाजूचे वासे टेकणार. ते बसलं की सांगाडा झाला, निलेशने पत्रेवाल्याला फोन करायचा. मेस्त्री मधल्या तुळईवर चढून उभे राहिले. खाली सात माणसांनी ते लांब लाकूड खांद्यावर घेतलं. दोर आवळले. सगळे वर बघत होते.

मेस्त्रींनी तोंड उघडलं.

तिथे कुणी टेकलं नव्हतं. कुणी छत्री लावली नव्हती, काडी ओढली नव्हती, कडी नव्हती, वायर नव्हती. इतक्या उंचावर चौतीस वर्षांत कुणाचा हातच पोचला नव्हता. त्या लाकडाला स्वतःच्या नावाखेरीज दुसरं नाव नव्हतं, आणि ते नाव मेस्त्रींना येत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, हात हवेत राहिला.

‘‘मेस्त्री, बोला! खांदे जातात!’’ खालून गडी ओरडला.

मेस्त्रींनी अयूबकडे बघितलं. सबंध पालीत त्या एकालाच ठाऊक होतं. अयूबच्या ध्यानात आलं. दोस्ताला वाचवायचं तर आत्ताच. त्याने छाती भरून घेतली आणि आयुष्यभर जो शब्द ओरडला होता तोच ओरडला, ‘‘पठाण! चला, पठाण वर घ्या!’’

होडीचा कणा म्हणजे पठाण, तो होडीच्या तळाला असतो. पालथी केली की वर येतो. अयूबच्या हिशेबात काहीच चूक नव्हती. पण पालीकरांना काय माहीत? ते आजूबाजूला बघायला लागले, की हा कोण नवीन पठाण आला आणि त्याला वर का घ्यायचा. महिपतशेट इतके हसले, की त्यांना ठसका लागला. खांद्यावर लाकूड घेतलेले गडी हसायला लागले, लाकूड हेलकावे खायला लागलं, निलेश ‘हसू नका, पडेल’ म्हणत स्वतःच हसत होता. वर तुळईवर मेस्त्रीही हसले, पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांची भीती कुठेतरी सैल झाली.

‘‘अरे, त्याला माज्यासाठी खोटा बोलायला लावू नका,’’ ते वरून म्हणाले. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला. ‘‘मला ह्या लाकडाचा नाव येत नाय. तुळईचाबी येत नाय, कदी येता, कदी नाय. वरीस झाला. डोळे बांधायच्या गप्पा मारल्या त्या खोट्या. तुमची नावां येतात म्हनून हा सांगाडा झाला. ह्याच्यावर कोनाचा नाव नाय, म्हनून मी अडकलो. काय बोलायचा ता बोला.’’

हसू थांबलं. मेस्त्री ते दोन शब्द ऐकायची वाट बघत उभे राहिले. निलेशच्याच तोंडून येणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

निलेशने खांद्यावरचं लाकूड जरा सावरलं. वर बघितलं.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘बंदरात मी क्रेन चालवतो ना, तिथं खाली एक मानूस उभा असतो. तो तोंडानं एक शब्द बोलत नाय. दिवसभर हातानं दाखवतो, नि मी तीस टन उचलतो. तो हात खाली गेला तर माजा काम बंद.’’ मग मान वळवून तो बाकीच्यांवर ओरडला, ‘‘नावां आपन घेऊ. मेस्त्रींच्या हाताकडं बघा सगळे! आढा! आढा वर घ्या!’’

‘‘आढा!’’ सात जण ओरडले. बाकावरचे रावजीही ओरडले, योगिनीबाईही ओरडल्या, अयूब सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला.

लाकूड वर आलं. मेस्त्रींनी हात सरळ पुढे धरला. दोन बोटं डावीकडे. लाकूड डावीकडे सरकलं. हात उपडा, हळू. लाकूड हळू खाली आलं. एक बोट वर, थांब. सगळे थांबले. त्यांनी डोळा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, केसभर उजवीकडे बोट हलवलं आणि मूठ मिटली. आढं तिन्ही मेढींच्या डोक्यांवर एकाच वेळी बसलं. बसल्याचा आवाज जाड, भरीव होता, आणि तो ऐकून महिपतशेटनी टाळी वाजवली.

मेस्त्री तुळईवर खाली बसले. पाय लोंबकळत सोडले, तळहाताने नाक पुसलं. हाताला मुशीचा वास होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं ते तेलाने की कशाने, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. खाली निलेश फोनवर पत्रेवाल्याला सांगत होता, की उद्या येऊ नको. मग फोनवर हात ठेवून त्याने वर विचारलं, ‘‘काका, गड्यांनी वाशांना उद्या किती वाजता लागायचा?’’

मेस्त्रींनी सात बोटं दाखवली.

चहा झाला होता. तुळसाने कप भरले, सगळ्यांना दिले. एक कप उरला तो तिने पेल्यात ओतला, पेला कळशीत ठेवला, कळशीला दोर बांधला आणि भागोजी मेस्त्रींचा चहा वर पाठवून दिला.